एकही चूक नाही

"काय रे नापारी, झालं का तुझं? की दिवसभर तो लाल पडदाच बघत बसायचंय?" प्रयोगशाळेचे प्रमुख फुसेनी दारातून ओरडले.

उत्तर घानातल्या तामालेजवळच्या त्या इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळायला तो एकटाच. कुणालाही न विचारता त्यानं प्रयोगशाळेचा कॉम्प्युटर अपग्रेड केला, आणि रक्त तपासणाऱ्या यंत्राचे आकडे कागदावर उतरवणारा प्रोग्रॅम बंद पडला. तो नव्यानं कंपाइल करायला घेतला की पडदा लाल तक्रारींनी भरून जायचा. हेडर फाइल एकाच नावाच्या दोन सापडत होत्या; एक अपग्रेडबरोबर आलेली, एक कुणीतरी कधीकाळी दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकून ठेवलेली. यंत्राकडून आकडे कोणत्या क्रमानं येणार, हे दोघींत लिहिलेलं असतं. पण दोघींचं एकमत नव्हतं.

खरं तर शांतपणे दोन्ही ताडून पाहायला हव्या होत्या. पण नोकरी कंत्राटी, आणि फुसेनी डोक्यावर उभे. नापारीनं ओळखीची म्हणून जुनी ठेवली, नवीचं नाव बदलून तिला बाजूला सारलं. पडद्यावर आलं, एकही चूक नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. बाहेर जाऊन त्यानं पोटभर वाके, म्हणजे चवळी घातलेला भात, खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या आबिबा सिस्टर होत्या.

"नापारी, तुझं यंत्र शुद्धीवर आहे ना? खिडकीशी नेऊन बाळाच्या नाकाचा शेंडा बोटानं दाबून बघितला मी. बोट उचललं की कातडी पिवळीधमक! आणि तुझा कागद म्हणतो, कावीळ नावालाही नाही."

"कागद बरोबर आहे, सिस्टर."

भीतीपोटी माणूस किती झटकन खोटं बोलतो! फोन ठेवला आणि त्यानं बाजूला सारलेली फाइल उघडली. अपग्रेडनंतर आकडे नव्या क्रमानं येत होते; त्यात सुरुवातीलाच एक आकडा जास्तीचा होता, त्यामुळे पुढचे सगळे एकेक जागा सरकले होते. काविळीच्या जागी शेजारचा चिमुकला आकडा छापला जात होता, आणि ओरडून सांगणाऱ्या त्या लाल पडद्याचं तोंड त्यानं स्वतःच दाबलं होतं.

तो धावत सुटला. वाटेत फुसेनींना म्हणाला, "साहेब, कालपासूनचे सगळे कागद खोटे आहेत. एकही बाहेर सोडू नका." ते काय बोलले ते ऐकायला तो थांबलाच नाही.

आबिबा सिस्टरनी त्या पिवळ्या बाळाला कागदाची वाट न बघता कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. नापारीचं बोलणं ऐकलं आणि त्यांनी घरी सोडलेल्यांची वही ओढली.

"या अल्ला! सकाळी मेमुनाला तिच्या बाळासकट घरी सोडलं रे मी. तुझ्या कागदावर विसंबून."

"सिस्टर, माझी नोकरी जाणार आता."

"नोकरी? अरे, ही कावीळ मेंदूत उतरली की लेकरू आधी सुस्तावतं, मग दूध सोडतं. पुढचं तुला सांगू का मी? मोटरसायकल काढ आधी!"

मेमुनाच्या घराच्या वाटेवर, सहारातून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याच्या धुळीत पुढचं झाड दिसत नव्हतं. नापारीला ती वाट संपूच नये असंही वाटत होतं आणि केव्हा संपते असंही.

अंगणात मेमुना बाळाला शियाच्या बियांचं तेल लावून मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टर दिसताच तिचा चेहरा फुलला.

"सिस्टर, तुम्ही एवढ्या लांब आलात! बघा ना, किती गुणी झालाय. काल रडून रडून जीव खाल्ला माझा. आज घरी आल्यापासून नुसता झोपलाय. दूधसुद्धा मागत नाही!"

सिस्टरनी हसायचा प्रयत्न केला. "चल, एकदा दिव्याखाली ठेवू त्याला. आत्ताच."

नापारी पुढे, मध्ये बाळाला छातीशी बांधलेली मेमुना, मागे सिस्टर. खड्ड्यांतून गाडी उधळत निघाली.

"रडतोय का?" नापारीनं मान न वळवता विचारलं.

"तळपाय चोळतेय मी. तू समोर बघ," सिस्टर मागून म्हणाल्या.

गाडी एका मोठ्या खड्ड्यात आपटली. त्यानं पुन्हा विचारलं, "सिस्टर, रडला का?"

मेमुनाला त्या परक्या माणसाची गंमतच वाटली. धुळीसाठी तोंडावर घेतलेली ओढणी बाजूला करून ती त्याच्या कानाशी म्हणाली, "घाबरू नका दादा. तो नाही त्रास द्यायचा."