उलटी पोती

भट्टीत निखारा तेवढा तग धरून होता, पण पिठाच्या पिंपाचा तळ दिसत होता. भट्टी गार पडली की विटा तडकतात, आणि विटा तडकल्या की धंदा बसलाच. पिठाचे भाव रोज उड्या मारत होते, अन् पाव महाग करायला पाववाल्या वहिनीची जीभ रेटत नव्हती. देवाचं नाव घेत ती निखाऱ्याला वारा घालत बसली होती.

एवढ्यात नणंद धापा टाकत आली.

"वहिनी, ऊठ! सरकारी पिठाचा ट्रक चौकात लागलाय! निम्म्या भावात, फक्त भट्टीवाल्यांना! भट्टीचा शिक्का असलेली पोती घेऊन बोलावलंय!"

"तुझ्या तोंडात साखर पडो गं!"

"साखर नको, तीही महागलीय. पोती उचल! आई, भट्टीकडे बघ गं!"

सासूबाईंनी मान डोलावली आणि दोघी हातगाडी घेऊन पळत सुटल्या.

रांगेत पुढेच पिठाचा घाऊक व्यापारी उभा, हातात कोरी करकरीत पोती.

"शिक्का?" ट्रकजवळच्या सरकारी साहेबांनी विचारलं.

"मला कोण ओळखत नाही, साहेब?"

"मी नाही ओळखत. हे पीठ पाव भाजायला आहे, गोदामात दडवायला नाही. व्हा बाजूला!"

रांगेनं टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यात मोठी टाळी वहिनीची!

मग तिची पाळी आली. तिनं पोती पसरली. बघते तर काय, सगळी कोरी!

"होता हो शिक्का! देवाशपथ होता!"

"बाई, नियम सगळ्यांना सारखा. आत्ता टाळ्या तुम्हीच वाजवल्यात ना?"

वहिनीच्या डोळ्यांपुढे तडकलेली भट्टी उभी राहिली.

"अगं वहिनी," नणंदेनं तिचा दंड धरला, "काल पोती कशी झटकलीस?"

वहिनीनं कपाळावर हात मारला. पिंप भरलेलं असताना असली वेळ कधी आलीच नव्हती. काल शेवटची चिमूट निघावी म्हणून तिनं पोती आतली बाजू बाहेर अशी उलटी करून बडवली होती, आणि तशीच उचलून आणली होती! तिनं भराभर एक पोतं सुलटं केलं आणि जोरात झटकलं. विणीत अडकलेलं पीठ भस्सकन उडालं, साहेब भुवयांसकट पांढरे!

"दिसला का शिक्का?"

"आधी डोळे तर उघडू द्या, बाई!" साहेब खोकत खोकत हसले. "दिसला, दिसला! भरा रे पोती!"

परतताना हातगाडी जड होती, पण दोघी पळतच होत्या. वळणावर धुराड्यातून धुराची बारीक रेघ दिसली, तशी नणंद तिथूनच ओरडली,

"आई, लाकडं घाल! पीठ आलं!"

आणि वहिनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाव कालच्याच भावात!"