उस्तादांची बायको रोज हरते

"परत हरलीस ना?" उस्तादांनी दारात बूट काढता काढता विचारलं.

"हरले की!" बायको पलंगावरूनच म्हणाली. प्लॅस्टरमधला पाय दोन उशांवर, मोबाइल नाकापाशी, आणि चेहरा असा की कुणाला वाटावं हिचा सत्कार झालाय. "पाचपैकी पाचही होल त्यानंच घेतले. शेवटचा तर काय मारला हो! झाडाला वळसा घालून आणला चेंडू. तुम्ही बघायला हवा होता."

"मला दुसरे उद्योग आहेत," उस्ताद म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. आत जाऊन त्यांनी पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं.

उस्ताद एकतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कवळ्या बनवत होते. खोलीला एक खिडकी, एक बर्नर, घासायचं एक चाक आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी पूड. "उस्ताद" हे नाव आत्ताच्या डॉक्टरांच्या वडिलांनी ठेवलेलं, आणि ते टिकलं. हातात कसब होतंच. पण त्या खोलीत दुसरा कारागीर कधी आलाच नाही, त्यामुळे उस्तादांच्या वर कोण, हा प्रश्नही कधी आला नाही.

मोबाइलवरचा तो गोल्फचा खेळ मुळात त्यांचाच. वर्षभर ते जेवणाच्या सुट्टीत खेळत होते. बोटानं चेंडू मागे ओढायचा, वाऱ्याचा बाण बघून नेम धरायचा, आणि हलणारा काटा मधोमध आला की बोट सोडायचं. जो कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालेल त्याचा तो होल, असे पाच होल. समोर जगातला कुठलाही माणूस असू शकतो. खेळाचे तीन वर्ग होते आणि उस्ताद सगळ्यात खालच्या वर्गात खेळत. तिथे नवशिके येत. त्यातूनही डाव सुरू होण्याआधी समोरच्याचा क्रमांक दिसे. तो आपल्यापेक्षा भारी दिसला की उस्ताद गुपचूप बाहेर पडत. असं करून करून त्यांच्या नावापुढे "शंभरात एक्क्याण्णव विजय" असा आकडा झळकत होता. जावई घरी आला की तो आकडा त्याला या ना त्या निमित्तानं दिसे.

बायको शाळेच्या ग्रंथालयात होती. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना पाय मुरगळला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ती कंटाळेल म्हणून उस्तादांनीच तिच्या मोबाइलवर खेळ घालून दिला. पहिले चार दिवस फार सुखाचे गेले. "अहो, आता कुठे मारू?" ती विचारायची, आणि उस्ताद तिच्या खांद्यावरून वाकून सांगायचे.

पाचव्या दिवशी तिचं बोट कुठेतरी भलतीकडे पडलं आणि ती थेट वरच्या वर्गात जाऊन बसली.

"अगं, बाहेर ये तिथून! तिथे सगळे मुरलेले असतात. तुझी धूळधाण होईल."

"होऊ दे की. हरले म्हणून घरातलं पातेलं कुणी उचलून नेत नाही."

तिथेच तिला तो टोपीवाला भेटला. नाव परक्या लिपीत, वाचता न येणारं. चित्रात एक गवती टोपी, म्हणून टोपीवाला. त्यानं तिला पहिल्या दिवशी सात वेळा हरवलं, दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. उस्तादांना आधी गंमत वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की हिला दुःख काही होतच नाहीये. उलट संध्याकाळी स्वयंपाकघरात कांदा चिरताना बाहेरून हसू ऐकू येई, "अगं बाई, असं मारायचं होतं होय!" तसलं हसू उस्तादांनी या घरात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि "आता कुठे मारू?" हे तर तिनं विचारायचंच सोडलं होतं.

एका शनिवारी सकाळी ती वॉकर सरकवत न्हाणीघरात गेली. मोबाइल उशीपाशी उघडाच होता. आपण असं करणारे नाही, असं स्वतःला सांगत उस्तादांनी तो उचलला.

त्या खेळात मनातलं काही लिहिता येत नसे. सहाच तयार वाक्यं, त्यातलं एक दाबायचं. ओळीनं तीच होती. टोपीवाला: "छान फटका." ही: "धन्यवाद." टोपीवाला: "पुन्हा खेळू?" ही: "हो." अशा शे-दीडशे ओळी. उस्तादांनी सगळ्या वाचल्या. दुसरं काही सापडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. "छान फटका" घेऊन कुणाशी भांडायचं? आणि खरं सांगायचं तर, ते दोन शब्दच त्यांना जिव्हारी लागले. लग्नाच्या बत्तीस वर्षांत आपण हिला असं कधी काय म्हटलं, ते आठवेना.

मोबाइलखाली एक वही होती. तिनं प्रत्येक डावानंतर बाण काढून ठेवले होते, खाली मुलांना वाचता येईल अशा अक्षरात टिपा. "वारा डावीकडून असला तर तो डावीकडेच दोन बोटं सरकवून मारतो. मी उगाच सरळ मारते." "वाळूतून काढताना तो घाई करत नाही." उस्ताद उभ्या उभ्या वाचत राहिले. ते दोन बोटांचं माप वर्षभर खेळूनही त्यांना ठाऊक नव्हतं. न्हाणीघराची कडी वाजली तशी त्यांनी वही जागच्या जागी ठेवली.

त्या दिवशी त्यांच्याकडून मेण जास्त तापलं आणि एका म्हातारीच्या कवळीचा चावा बिघडला, वरखालचे दात जुळेनात. साचा पहिल्यापासून करावा लागला. डॉक्टर डोकावून म्हणाले, "उस्ताद, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय!" उस्ताद खेकसले. एकतीस वर्षांत डॉक्टरांवर ते पहिल्यांदाच खेकसले होते.

रविवारी सकाळी त्यांनी खुर्ची पलंगाशी ओढली. "चल, आज माझ्याशी खेळ. बघू तुझा टोपीवाला तुला काय शिकवतोय."

"राहू दे ना. भाजी निवडायचीय."

"घाबरलीस?"

तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मोबाइल उचलला.

पहिला होल उस्तादांनी घेतला, दुसरा तिनं. तिसऱ्याला वारा डावीकडून होता. तिनं नेम दोन बोटं सरकवला आणि चेंडू हिरवळीवर असा अलगद उतरला की उस्तादांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौथा कसाबसा त्यांच्याकडे आला. दोन-दोन. शेवटच्या होलला उस्तादांचा चेंडू आधी वाळूत रुतला, मग कसाबसा आत गेला. तिचा होलपासून हातभर अंतरावर होता. मधे ना वारा, ना चढ. आत घातला की ती जिंकली.

तिनं बोट ओढलं आणि सोडलं. चेंडू होलच्या कडेनं पुढे निघून गेला. मग परतताना आणखी एकदा चुकला.

"जिंकलात," ती म्हणाली. "आता ती भाजी द्या इकडे."

उस्ताद हलले नाहीत. बोटांकडे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता. घसरलेलं बोट कोणतं आणि घसरवलेलं कोणतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"मुद्दाम चुकवलंस."

"काहीतरीच काय!"

"मुद्दाम चुकवलंस तू. मला भीक घालतेस?"

"ओरडू नका. पाय दुखतोय माझा." मग ताट स्वतःच ओढून घेत आणि भाजीच्या काड्या वेगळ्या करत, ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला हरायची सवय नाही. मग घर दोन दिवस गप्प असतं. मला आत्ता चालता येत नाही, बाहेरही जाता येत नाही. कशाला ते?"

"मी कधी गप्प बसलो?"

"त्या मोठ्या लॅबमधून आलात तेव्हा."

उस्तादांना वाटलं होतं की ती गोष्ट ही विसरली असेल. वीस वर्षं झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी लॅब निघाली होती. चौदा कारागीर एका रांगेत. मालकानं स्वतः बोलावून घेतलं होतं. उस्ताद एकच दिवस गेले. शेजारच्या टेबलावर त्यांच्याहून वयानं लहान, जाडसर चष्म्याचा एक माणूस पुढचा दात घडवत होता. अकरा मिनिटांत त्यानं तो संपवला, आणि दात असा की ओठाआड ठेवला तर आईलाही खोटा म्हणून ओळखू येऊ नये. उस्तादांना तसल्या दाताला तास लागे, आणि तसा तो होतही नसे. त्या माणसानं हसून म्हटलं होतं, "बसा ना इथे, दाखवतो." उस्ताद घरी आले ते "फार लांब पडतं" असं म्हणतच. तीन दिवस जेवतानाही बोलले नव्हते.

"लांब पडत होतं ते," उस्ताद म्हणाले.

"हो," बायको म्हणाली. "मी काही म्हटलंय का?"

ते उठून दारातल्या पायरीवर जाऊन बसले. समोर कुणाची तरी सायकल पडली होती, ती उचलून भिंतीला लावली. परत बसले. त्या चष्मेवाल्याचा राग त्यांना अजून येत होता. तसाच, ताजा. टोपीवाल्याचा राग त्याच्याच शेजारी येऊन बसला होता. दोघांनीही त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि वरच्या वर्गावर बोट ठेवलं.

सहा मिनिटांत पाच-शून्य. पुन्हा. पाच-शून्य. तिसऱ्या वेळी समोर कुणी बाई होती, तिनं दूरवरून एका फटक्यात चेंडू आत घातला तेव्हा उस्ताद "हॅत्!" असे एवढ्यानं ओरडले की शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं. चौथ्या डावाच्या शेवटी नावापुढचा एक्क्याण्णव नव्वद झाला. उस्तादांनी तो आकडा जवळ धरून, लांब धरून पाहिला. पण पायरी होती तिथेच होती, आणि आत बायको भाजी निवडत गुणगुणत होती.

ते आत गेले. पलंगाशी उभे राहिले. घसा खाकरला.

"तो वारा... कसा बघतेस तू?"

तिनं वर पाहिलं. हसली असती तर उस्ताद तसेच मागे फिरले असते. ती हसली नाही. भाजीचं ताट बाजूला सारलं, दोन्ही हातांनी प्लॅस्टरचा पाय उचलून पलीकडे घेतला आणि पलंगावर जागा केली.

"बसा. टोपीवाला काय करतो, आधी बाणाकडे..."

त्या नावासरशी उस्तादांचा जबडा आवळला. पण ते बसले. तिनं आपलं बोट त्यांच्या बोटावर ठेवलं आणि दोन्ही मिळून चेंडू मागे ओढला. काटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जाऊ लागला. एकदा मधोमध येऊन गेला. दुसऱ्यांदा.

"सोडा ना," ती म्हणाली.

उस्तादांनी सोडलं. चेंडू उंच गेला, बराच वेळ वर राहिला आणि तळ्याच्या बरोबर मध्यावर पडला.

ग्रंथालयात एखाद्या मुलाचं वाचन अडलं की थांबायची, तशी ती थांबली.

"आता कुठे चुकलं, ते तुम्हीच सांगा."

उस्ताद स्क्रीनकडे बघत राहिले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि अडखळत सांगायला लागले.