दारावरचे अकरा ओरखडे

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, करंगळीएवढी. माझ्या पोटात गडद निळा रंग आहे आणि झाकणाला आतून चिमुकला ब्रश आहे. ज्या मोटारीला हा रंग दिला, तिच्याच पिंपातला थोडासा रंग माझ्यात भरला, म्हणून मला तिची धाकटी बहीण म्हटले तरी चालेल. मोटार उन्हावाऱ्यात हिंडते आणि मी तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात अंधारात पडून असते. मला बाहेर काढतात ते फक्त तिला जखम झाली की. म्हणून मी जग पाहिले ते जखमांमधूनच.

आमच्या मालकीणबाई डॉक्टर. गावाबाहेरच्या दवाखान्यात बाळंतपणे करायला त्या रोज खाणीच्या रस्त्याने जात. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडे, बॉनेटवर ताडकन बसे आणि रंगाचा टवका निघे. टवका तिळाएवढा असतो हो, पण तिथून आतला पत्रा उघडा पडतो. त्यावर पाणी बसले की गंज रंगाच्या खालून गुपचूप पसरत जातो, आणि वरून काही कळत नाही.

म्हणून सुट्टीच्या दिवशी बाईंचा नेम ठरलेला होता. गाडी धुवायची, कोरडी करायची, टवक्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि मग मला उघडायचे. त्यांचे यजमान शेजारी चहाचा कप घेऊन उभे राहत.

"अहो, रंग नुसता टेकवायचा असतो. ओढलात की डाग पडतो," बाई सांगत.

"टाके घालायचं काम तुझं. मी आपला नातेवाईक, बाहेर बाकावर बसणारा," ते म्हणत.

सहा वर्षांत गाडीवर गंजाचा एक ठिपका पडला नाही. "गाडी नवीच घेतलीत वाटतं?" असे कोणी विचारले की अंधारात मला आनंद होई.

मग बाईंच्या सासूबाई वारल्या. त्यांचे जुने घर विकले गेले आणि सासरे, म्हणजे आप्पा, मुलाकडे राहायला आले. फार कमी बोलत. ते सकाळी आठपर्यंत झोपतात, अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

ते आले त्याच महिन्यात एका सकाळी, नीट उजाडलेही नव्हते तेव्हा, मला आवाज आला. गाडीच्या जिन्याकडच्या मागच्या दारावरून कोणाचा तरी हात फिरत होता. हळूहळू, चाचपडत. मग, खर्र. थोडे थांबून त्याच रेघेवर पुन्हा, खर्र. आणि दाराला अगदी तोंड लावून कोणीतरी म्हणाले, "उघड गं. मीच आहे."

गाडीत कोणी नव्हते. दारे बंद होती, काचा वर होत्या. तरी मागची सीट कुरकुरली, झोपलेले कोणी उठून बसावे तशी.

मित्रांनो, माझ्या पोटातला रंग थिजला.

सकाळी बाईंनी ओरखडा पाहिला, चुकचुकल्या आणि मला काढून तो झाकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा ओरखडा होता. तिसऱ्या दिवशी तिसरा. सगळे दाराच्या मुठीखाली, बोटभर लांब, एकाच जागेभोवती गोळा झालेले. काहीतरी तिथे असायला हवे आणि ते सापडत नाही, असे कोणीतरी शोधत होते. त्या दिवसांत बाईंना सुट्टीच मिळत नव्हती, रोज दवाखान्यात जायची घाई असे, त्यामुळे बाई पुसल्या न पुसल्यासारखे करून रोज रंग टेकवत. मी रोज झाकत होते. रोज पहाटे तो आवाज यायचा, "उघड गं." आणि पाचव्या दिवसापासून मागच्या सीटवरून, इतके हळू की मला भास वाटावा, उत्तर यायचे, "थांबा."

मला सगळे ऐकू येत होते, पण बाटलीला बोलता कुठे येते?

आमच्या इमारतीत सोळा गाड्या पुसणारे एक गृहस्थ होते. पन्नाशी उलटलेली, बाही कायम ओली. सगळे त्यांना बादलीकाका म्हणत. आठव्या ओरखड्याला यजमानांनी त्यांना गाठले.

"काका, फडक्यात खडे बांधून पुसता की काय?"

"साहेब, सोळा गाड्या पुसतो मी. बाकी पंधरांना विचारा की."

"पंधरांना काही झालं नाही, म्हणूनच तुम्हाला विचारतोय."

"म्हणजे माझं तुमच्याच गाडीशी वैर? अहो, हिला तर मी सगळ्यात आधी पुसतो. बाईंनी माझ्या सुनेचं बाळंतपण केलंय!"

"ते मला सांगू नका. रविवारी इमारतीची मीटिंग आहे. तिथं ठरेल काय ते."

बादलीकाकांनी फडके पिळले. पाणी संपले तरी पिळतच राहिले. एका घरी दोषी ठरलेल्या माणसाला बाकीचे पंधरा कशाला ठेवतील? आणि या वयात दुसरे काम कोण देणार? पुरावा दारावर होता, आणि त्यावर रोज रंग चढवणारी मीच होते.

शनिवारी अकरावा ओरखडा निघाला. त्या दिवशी दवाखाना बंद होता, म्हणून बाईंना घाई नव्हती. त्यांनी स्पिरिटचा बोळा नेहमीसारखा नीट, हळू फिरवला आणि तो फेकता फेकता थांबल्या. पांढऱ्या कापसावर बारीक पिवळी चकाकी होती.

"पितळ," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी ओरखड्यांवर बोट ठेवून पाहिले आणि त्यांचे बोट तिथेच राहिले. आप्पांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली एक जड पितळी किल्ली होती. विकलेल्या घराची. अंघोळीलाही ती काढत नसत.

त्या दिवशी बाईंनी मला उघडले नाही.

रविवारी उजाडायच्या आत त्या यजमानांना घेऊन खाली आल्या. यजमान पुढे बसले, बाई मागे. "अगं, काहीतरीच काय! आप्पा झोपलेत वर," यजमान कुजबुजले. बाईंनी ओठांवर बोट ठेवले.

जिन्यात चपला वाजल्या. दारावरून हात फिरला. किल्ली पत्र्याला नुसती टेकली.

"उघड गं. मीच आहे. थोडा उशीर झाला, रागावलीस होय?"

यजमानांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले. बाईंनी दार आतून उघडले आणि सरकून जागा केली.

"या. कधीची वाट बघतेय," त्या म्हणाल्या.

आप्पा वाकून आत आले, बसले. खूप चालून आलेल्या माणसासारखा त्यांनी श्वास सोडला. म्हणाले, "आज उघडलंस बाई! रोज आतून नुसतं 'थांबा' म्हणतेस, आणि उघडत काही नाहीस."

बाईंनी आपल्या शेजारच्या, मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग काही न विचारता आणखी थोड्या सरकल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मीटिंगमध्ये यजमान सगळ्यांसमोर उभे राहिले. "चूक माझी होती. बादलीकाका, मला माफ करा," म्हणाले. काका म्हणाले, "असू द्या साहेब," पण तीन दिवस त्यांनी आमची गाडी सगळ्यात शेवटी पुसली. तेवढा राग माणसाला शोभतो.

पुढे रोज पहाटे घरातले कोणीतरी खाली येऊन आतून दार उघडू लागले. आठ महिन्यांनी आप्पा गेले, झोपेतच. तेव्हापासून दारावर आवाज नाही, आणि मागची सीटही कुरकुरत नाही. मी पहाटे कान देऊन असते. दोघांना घर सापडले असावे.

यजमान ते दार नव्याने रंगवून घ्यायला निघाले होते, पण बाईंनी नको म्हटले. त्यांनी ओरखड्यांवरचा माझा रंग काढून टाकला, बिनरंगी लॅकरची बाटली आणली आणि अकराही ओरखड्यांवर तेच टेकवले. गंज धरणार नाही आणि ओरखडे दिसतही राहतील.

मी आता आटत चालले आहे. म्हणून एवढेच मागते, मित्रांनो. तुमच्या वस्तूंची निगा राखा, टवका उडाला तर उघडा ठेवू नका. पण ओरखडा दिसला की झाकायच्या आधी स्वच्छ पुसा, उजेडात धरा, बोट फिरवून पाहा. आणि कोणावर बोट दाखवण्यापूर्वी एकदा आत बसून ऐका. बाहेर कोणीतरी आपले माणूस दार शोधत असेल.