दसऱ्याला वाळत घातलेलं किचन

गच्चीवरच्या दोरीवर चार गोधड्या, एक चादर आणि किचनचे तीन दरवाजे वाळत घातले होते. दरवाज्यांना हँडलच्या भोकांतून सुतळी ओवली होती.

ते किचन बसवणारा हनुमंत सुतार बघतच राहिला. लातुरात किचन बसवायचं म्हणजे त्यानं नळ गळणार, सिंक गळणार, सगळं धरलेलं असायचं. कडांना पट्टी, सिंकखाली पत्रा, भिंतीलगत सिलिकॉन. कुणी दरवाजे काढून टबात भिजवील, हे धरलं नव्हतं.

"मावशी, काय करून ठेवलं हे?"

"दसरा काढला," कावेरीबाई म्हणाल्या. "घरातलं समदं धुवावं लागतंय की."

"भुशाची फळी हाय ती! वल्या फडक्यानं पुसा म्हणलो होतो."

"पुसलेलं दसऱ्याला चालत न्हाई."

"काढले कशानं?"

"उलथन्यानं." आवाजात किंचित अभिमान होता. "रातभर भिजू घातले. त्या काळ्या रेघा निघंचनात."

"डिझाइन हाय ते, मावशी!"

दरवाजे चहात पडलेल्या खारीसारखे पदर सोडून फुगले होते.

तेवढ्यात सून राजकन्या वर आली. हनुमंतला फोन तिनंच केला होता.

"हनुमंतभाऊ, खरं सांगा. धुतल्यानंच झालं ना? तसं असेल तर आत्याबाईंना उद्याच चाकूरला सोडते. तिकडं घर रिकामंच पडलंय. बसा म्हणावं एकट्याच धूत."

कावेरीबाई सरळ असलेली गोधडी सरळ करू लागल्या.

हनुमंत भयंकर वैतागला. खरं उत्तर समोर दोरीवरच लोंबत होतं.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "माझ्याकडनंच कडा उघड्या राहिल्या. नवे बसवून देतो."

"पण रात्रभर भिजवले तर..."

"चांगल्या कामाला काय व्हत न्हाई."

एवढं मोठं खोटं सुतारकामात आजवर कुणी बोललं नसावं.

"बरं झालं कळलं," राजकन्या म्हणाली. "शाळेतल्या मॅडमना किचनसाठी तुमचंच नाव सांगणार होते." आणि ती तरातरा खाली गेली.

कावेरीबाईंनी तिची पावलं वाजायची थांबू दिली. मग आवाज चढवला, जिन्यातून खाली जाईल इतका.

"लोकाची घरं हायत बाबा! जरा ध्यान देऊन काम करावं माणसानं."

"हाव, मावशी."

"कडा आधी बंद करायच्या असत्यात."

"हाव."

हनुमंत मान खाली घालून सुतळ्या सोडत राहिला. पाणी पिऊन दरवाजा दुप्पट जड झाला होता. बोलता बोलताच कावेरीबाईंनी त्याचं दुसरं टोक धरलं, आणि जिना उतरेपर्यंत बोलणंही थांबवलं नाही, टोकही सोडलं नाही.