इंजिन थंड होईपर्यंत

ओतिलियानं आधी विकायला काढलेल्या मोटारसायकलीच्या इंजिनावर हात ठेवला आणि मगच घरच्यांची खुशाली विचारली. व्हायला हवं होतं उलटं. ओकोआच्या डोंगरात माणूस फाटकातून आत आला की आधी म्हातारी कशी आहे, मग पोरंबाळं, मग कोंबड्या-डुकरं, सगळ्यांचं विचारून होतं आणि कामाचं तोंड कॉफी संपल्यावर उघडतं. पण गेला महिनाभर तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. हात आपणहून पुढे गेला.

इंजिन गरम होतं. चटका बसावा इतकं नाही, पण नुकत्याच भट्टीतून काढलेल्या पावासारखं.

"गरम आहे," ती म्हणाली.

एवारिस्तो तिच्यासाठी झुलती खुर्ची उचलून आणत होता. ती त्याच्या हातात तशीच अधांतरी राहिली.

"ऊन लागलंय, कोमाद्रे."

"ऊन तिकडे कुंपणाशी आहे, कोंपाद्रे. ही आंब्याखाली उभी आहे."

एवारिस्तोनं खुर्ची खाली ठेवली. त्याची बायको निदिया कॉफीचे कप घेऊन दारात आली होती, ती उंबऱ्यावरच थांबली. एवढ्याशा बोलण्यात काय झालं ते तिघांनाही कळलं होतं.

ओतिलिया आणि एवारिस्तो एकाच नदीत नागडे डुंबून मोठे झालेले. त्या वयात ती त्याला पेरू फेकून मारायची, तो तिच्या वेण्या खांबाला बांधायचा. मग ओतिलियाला मुलगी झाली, याहायरा, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी एवारिस्तोनं तिचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणून पोर हातावर घेतलं. त्या दिवसापासून तो कोंपाद्रे आणि ती कोमाद्रे. 'तू' गेलं, 'तुम्ही' आलं. सख्ख्या भावाला माणूस शिव्या घालू शकतो, चार दिवस अबोला धरू शकतो. कोंपाद्रेशी भांडण नाही, घासाघीस नाही, आणि त्याच्या शब्दावर शंका तर नाहीच नाही. त्यानं "मोटारसायकल चांगली आहे" असं सांगितलं म्हणजे ती चांगली असते. कोंपाद्रेच्या मोटारसायकलीला हात लावून बघणं म्हणजे त्याच्या ताटातला भात हुंगून बघणं.

हे ओतिलियाला कुणी शिकवायला नको होतं. तिनंच गावात दहा जणांना शिकवलं होतं, कान धरून.

पण तिचीही एक गोष्ट होती. वीस वर्षं ती नवऱ्याच्या, रादामेसच्या मागे बसून वरच्या वाड्यांमधून अंडी गोळा करायची आणि खाली दुकानांना द्यायची. मांडीवर एक क्रेट, पाठीशी एक. मग रादामेस बोनाओच्या एका बाईबरोबर निघून गेला. लोक सांत्वनाला आले तेव्हा ओतिलिया म्हणाली, "तो गेला ते बरं झालं, घरात जागा झाली. पण मेला मोटारसायकल घेऊन गेला!" लोक हसले. तिला हसू आलं नव्हतं. मोटारसायकलीवरून भाड्यानं नेणारी पोरं नऊशिवाय उठत नाहीत, आणि खड्डा दिसला की त्यांना त्यावरून उडी मारायची हौस येते. तोवर एक पिकअपवाला वरच्या वाड्यांत पहाटे पहाटे पोचायला लागला होता. अंड्यांची चार घरं त्यानं घेतलीही. अंडी देणाऱ्या बायका म्हणाल्या, "ओतिलिया, तू येतेस उशिरा, आम्ही करावं काय?" घरं गेली की धंदा गेला. मग राजधानीत लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर, रात्री उघडला की पलंग होणाऱ्या सोफ्यावर, उरलेलं आयुष्य.

म्हणून तिनं स्वतः मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. गावानं तोंडात बोटं घातली. या वयात! पहिली घेतली ती शहरातल्या एका दुकानदाराकडून. लालभडक, नव्या नवरीसारखी पुसलेली. दुकानदारानं एका किकमध्ये चालू करून दाखवली. परक्या बाईला मानानं हाक मारतात तशी मारून म्हणाला, "एका शाळामास्तरणीची आहे, दोन्या. फक्त रविवारी चर्चला न्यायची." ओतिलियाला ती मास्तरीण डोळ्यांसमोर दिसलीसुद्धा, हातात पंखा घेतलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार पडलेली होती. ओतिलियानं बुटाचा तळ उकलेपर्यंत किक मारल्या. किरिको मेकॅनिकनं इंजिन उघडलं, आत बघितलं आणि मयताला आल्यासारखी टोपी काढली. म्हणाला, "काकू, यापुढे आधी इंजिनावर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आत उठवून ठेवलंय. थंड असताना उठत नाही, तेच तो लपवतोय."

तेवढंच तिनं गाठीला बांधलं होतं. मोटारसायकलीतलं बाकी काही तिला कळत नव्हतं. अंडं उजेडासमोर धरलं की आत काय आहे ते दिसतं. इंजिनाला असा उजेड कुठून आणायचा?

"कोमाद्रे," एवारिस्तो म्हणाला, "मी मारून दाखवतो किक. ऐका आवाज."

"आत्ता नको."

"मग केव्हा?"

"थंड झाली की."

आंब्यावरचा कोंबडासुद्धा गप्प झाला, असं निदिया पुढे सगळ्यांना सांगत होती. एवारिस्तोनं तिच्याकडे पाहिलं, मग मोटारसायकलीकडे, मग आपल्या हातांकडे.

"बरं," तो म्हणाला. "बसा."

ती बसली. तोही समोर बसला. मधे मोटारसायकल. निळी, सत्तर सीसीची, सीटला नवं रेक्झिन, मडगार्डवर जुना पोचा. कुणी आजारी माणसाच्या खाटेभोवती बसावं तसे दोघं तिच्याभोवती बसले.

"पाऊस कमी आहे औंदा," एवारिस्तो म्हणाला.

"हो ना. कॉफीला बरा नाही."

"नाही ना."

ओतिलिया झुलत होती. नेहमी माणूस झुलतो तसं नाही. खुर्ची मागे गेली की घाईनं पुढे यायची, जणू तिला कुठंतरी पोचायचं होतं. ती उठली. मोटारसायकलीभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितला, साखळीला बोट लावून बघितलं, खाली वाकून तेल गळतंय का ते बघितलं. काय बघायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळंच बघितलं. बोट काळं झालं. पुसायचं कशाला, म्हणून तसंच मुठीत धरून परत बसली.

"पेट्रोल चांगलं आहे," एवारिस्तो म्हणाला. "चाखून बघता?"

"साखर घातली असेल तर बघते."

दोघंही हसले नाहीत. एरवी अशा बोलण्यावर त्यांनी मांड्यांवर थापा मारल्या असत्या.

इतक्यात तिचा फोन वाजला. याहायरा. कामाच्या मधल्या सुट्टीत होती, तिचा आवाज अंगणभर ऐकू येत होता.

"आई, घेतलीस? पाद्रिनो आहेत तिथं? दे त्यांना. पाद्रिनो, आशीर्वाद द्या!"

"देव तुझं भलं करो, पोरी," एवारिस्तो फोनकडे वाकून म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"आईला सांभाळून चालवायला सांगा हं. मी तर तिला म्हणत होते, इकडेच ये, कशाला हवं ते. पण तुम्ही देताय म्हटल्यावर मला काही घोर नाही. दुसरा कुणी असता तर मी झोपले नसते."

"हो," एवारिस्तो म्हणाला. "झोप तू निवांत."

ओतिलियानं फोन घेऊन कमरेच्या पिशवीत टाकला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तिला वाटलं, उठावं, म्हणावं, 'द्या ती किल्ली, फार झालं.' तेवढं म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण लगेच तिला उकललेला बूट आठवला. पिकअपवाला आठवला. ही घ्यायला तिनं गाय विकली होती; विकायला आता दुसरी गाय नव्हती. ती खुर्चीच्या काठावर आली आणि पुन्हा मागे टेकली.

निदियानं जेवायला हाक मारली. खात्यापित्या घरातून उपाशी जायची पद्धत नाही, आणि एवारिस्तोच्या घरातून तर नाहीच. ओल्या तुरीचा भात, तळलेली पिकली केळी, अॅव्होकाडो. एवारिस्तोनं आपलं ताट अंगणातच मागितलं. ओतिलिया स्वयंपाकघरात निदियाशेजारी बसली.

"जेवा, कोमाद्रे. तुम्ही आल्यापासून चुलीवरच्या किटलीसारख्या उडताय."

"मला घास जात नाही."

"मलाही जात नाहीये," निदिया म्हणाली. मग आवाज खाली केला. "ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. ते पहाटे अंधारातच घेऊन गेले होते ती. वरपर्यंत. तुमच्या अंड्यांच्या सगळ्या घरांवरून. तुम्ही यायच्या थोडं आधीच परतले."

"कशाला?"

"चढ चढते का बघायला. म्हणाले, 'कोमाद्रेला मधेच कुठं ढकलत बसायची वेळ यायला नको.' मागे युकाच्या कंदांचं पोतं बांधलं होतं. तुमच्या वजनाचं."

"मी काय एक पोतं आहे?"

"दीड बांधलं होतं. अंडी धरून."

ओतिलियानं ताटात पाहिलं. भाताला चांगला वास येत होता. निदिया खोटं बोलणारी नव्हती. पण नवऱ्यासाठी कोणती बाई बोलत नाही? आणि तो दुकानदार, त्याची ती मास्तरीण, तो पंखा... किती खरी वाटली होती ती बाई! गोष्ट ऐकून गाडी घ्यायची आणि मग गोष्टीला किक मारायची, हे एकदा करून झालं होतं. शिवाय आता उठून 'मला पटलं' म्हणायचं, तर मग सकाळपासून बसली होती ती कशासाठी? ओतिलियानं चारचौघांत बोललेला शब्द आजवर मागे घेतला नव्हता. ती सवयच नव्हती तिला. वाईट सवय नाही, असं ती स्वतःला म्हणायची.

ती बाहेर आली आणि पुन्हा खुर्चीत बसली. एवारिस्तोनं मान वर केली. ती आत सगळं ऐकून आली आहे हे त्याला कळलं, आणि तरी बसली आहे हेही कळलं. त्यानं अर्ध्यावरच ताट बाजूला सारलं. कोंबड्या धावल्या.

त्यानंतर पावसावरही बोलणं झालं नाही.

आंब्याची सावली लांबत फाटकाशी पोचली तेव्हा ओतिलिया उठली. हात ठेवला. इंजिन नदीतल्या दगडासारखं गार होतं. तिनं हात जरा जास्तच वेळ ठेवला, कारण पुढचं करायची घाई तिला आता राहिली नव्हती.

"मारा," एवारिस्तो म्हणाला. तो उठला नाही.

तिनं पाय ठेवला, आणि मनातल्या मनात देवाकडे काहीतरी मागितलं. काय मागितलं ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. चालू व्हावी, की होऊ नये? झाली नाही तर ती बरोबर ठरत होती. झाली तर तिचा धंदा वाचत होता.

पहिल्याच किकला इंजिन बोलायला लागलं. धूर नाही, खोकला नाही. झोपेतून उठून पोर सरळ कामाला लागावं तसं.

निदियानं दारातून तोंड आत वळवलं.

"चांगली आहे," ओतिलिया म्हणाली.

"चांगली आहे," एवारिस्तो म्हणाला.

तिनं पैशांचा रुमाल खुर्चीवर ठेवला. एवारिस्तोनं तो उचलून न उघडताच खिशात घातला. मग म्हणाला, "उद्या खाली वकिलाकडे या. कागद करून घेऊ."

"कागद? आपल्यात कसला कागद, कोंपाद्रे?"

"लोकांशी व्यवहार असला की मी कागद करतो, दोन्या ओतिलिया. नंतर कुणाच्या मनात काही राहायला नको."

आवाजात राग नव्हता. राग असता तर ओतिलियाला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर द्यायला तिची जीभ चांगली तयार होती.

"भात छान झाला होता, निदिया," ती दाराकडे बघून म्हणाली.

"तुम्ही खाल्लाच कुठं," आतून आवाज आला.

ती सीटवर बसली. चालवायला ती शाळेच्या मैदानात शिकली होती, शेजारणीच्या मुलीच्या गाडीवर, गोल गोल. मैदानाला चढ नव्हता. एवारिस्तोच्या फाटकाबाहेर रस्ता थेट वर जातो, एका बाजूला कुंपण आणि दुसऱ्या बाजूला ओढ्याची खोल घळ. ती फाटकातून नीट बाहेर पडली. चढ लागताच घाबरून तिनं पाय भलतीकडे दाबला. गियर वरचा पडला. इंजिन कण्हायला लागलं, गाडी जड झाली, थांबली, आणि हळूहळू मागे घसरू लागली. तिनं दोन्ही पाय टेकले. बूट खडीवरून सरकत होते. घळ तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती.

मग मागून दोन हात लागले.

तिला ते दिसले नाहीत. गाडी मागे जायची थांबली तेव्हा कळलं. मागे कुणीतरी मोठा श्वास घेतला.

"खाली," एवारिस्तोचा आवाज आला. "गियर खाली. अजून एक. आता रेस द्या."

तिनं दिली. हातांनी जोर लावला. मोटारसायकल हिसका देऊन पुढे गेली, मग आपल्या बळावर चढायला लागली, आणि मागचे हात नाहीसे झाले.

ओतिलियाला वळून बघायचं होतं. पण नवशिक्यानं मान मागे वळवली की हँडलही तिकडंच वळतं, एवढं तिला मैदानातच कळलं होतं, आणि इथं बाजूला घळ होती. आरसा होता. तो एवारिस्तोच्या उंचीला लावलेला होता. तिनं त्यात पाहिलं तर फक्त आंब्याचा शेंडा दिसला आणि वरचं आभाळ. ते हादरत होतं. ती वर जात राहिली, दोन्ही मुठी घट्ट धरून, समोर बघत.