बाबांचा आवाज आणि माझं एकच वाक्य

मी संगणकातली काळी खिडकी बोलतेय. माझ्यात आज्ञा टाइप करायची, मी ती पाळायची, अडलं तर कारण सांगायचं. या कारण सांगण्यानेच माझा घात केला.

मला घडवणारा घाईत होता. वाचायची फाइल सापडली नाही, तर म्हणायचं, "अशी फाइल किंवा फोल्डर नाही." आणि फाइल ठेवायचा फोल्डर सापडला नाही तर? त्याने जांभई दिली आणि तेच वाक्य तिथेही चिकटवलं.

मी ताईच्या हाताखाली आले. बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणाऱ्या ऑफिसात ती कामाला होती. बोटं भारी चपळ, धीर मात्र बेताचा. माझी ओळ पुरती वाचेल तर शपथ.

तिच्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. आदल्या दिवशी ताईने ऑफिसचा रेकॉर्डर घरी नेला. बाबा दार लोटून एकटेच चाळीस मिनिटं बोलले. काय बोलले, कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ताईने रेकॉर्डर मला जोडला आणि आज्ञा दिली, बाबांची फाइल 'आवाज' फोल्डरमध्ये ठेव. तो फोल्डर करायलाच ती विसरली होती. मी माझं वाक्य म्हटलं, "आवाज: अशी फाइल किंवा फोल्डर नाही."

तिने भावाला फोन लावला. "दादा, बाबांचं रेकॉर्डिंग झालंच नाही रे."

"नीट बघ."

"मशीनच नाही म्हणतंय. आणखी काय बघू?"

शेजारच्या टेबलावरची बाई रेकॉर्डरसाठी खोळंबली होती. रेकॉर्डर पुसूनच परत द्यायचा, हा ऑफिसचा नियम. ताईने डोळे कोरडे केले, रेकॉर्डर पुसला आणि दिला. मी सगळं पाहत होते, पण मला दुसरं वाक्य येत नव्हतं.

आठवड्याने मशीन दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी माझी जुनी ओळ वाचली. "अगं, फाइल होती की. ठेवायचा फोल्डर नव्हता."

ताईने ती ओळ पहिल्यांदाच पुरती वाचली.

पुढे एकदा ती बाबांना ऑफिसात घेऊन आली. त्यांच्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं आणि हमसून रडली. बाबांना बोलता येईना. त्यांनी कीबोर्ड ओढला आणि समोर मीच उघडी होते, म्हणून माझ्यातच टाइप केलं, "रडू नकोस बाळा. तुझी चूक नाही."

मी लगेच उत्तर दिलं, "अशी आज्ञा नाही."

तेव्हापासून ताई मला बंद करत नाही. वरची ओळ तिला हवी असते. कुणाला जमलं तर माझी खालची तेवढी पुसा.