रियावी

चंचलला एकदा हसू फुटलं की ते आवरत नसे. स्वतःच्या लग्नात ती अंतरपाटाआड इतकी खुदखुदली होती, की भटजींना मंगलाष्टकं थांबवावी लागली. म्हणून भावाच्या मुलीच्या बारशाला ती पांढुर्ण्याहून सौंसरला आली, तेव्हा वहिनीनं, प्रणालीनं, आधीच बजावलं, "ताई, कानात फक्त 'रिया' म्हणजा. हासू नका."

पाळण्याभोवती बाया दाटल्या. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत, आणि नेमकी मागं उभी शेजारची लीलाबाई, कापसाचं बोचकं एकटीनं डोक्यावर घेणारी. चंचल वाकली. पोरीच्या कानाशी तोंड नेलं, तर त्या इवल्याशा कानात काजळाचा ठिपका लागलेला. पोटातून हसू वर यायला लागलं. "रिया..." एवढं कसंबसं निघालं, अन् लीलाबाईचा हात पडला.

"...उई!"

"रियावी म्हंते," पुढच्या बाईनं मागच्यांना सांगितलं.

"नवीनच दिसते बाप्पा."

पाळणा हलला, गाणं सुरू झालं. चंचल पदर तोंडात कोंबून खालीच बसली. तेवढ्यात तिचे वडील, बापूजी, ओसरीवरच्या पाहुण्यांना नाव सांगून खुशीत आत आले.

"पोरी, नाव झकास काढलं. पन अर्थ काय होते त्याचा?"

"बापूजी, रिया..." पुढं बोलताच येईना. तिनं मागं हात नेऊन पाठ चोळली, लीलाबाईकडं बोट केलं अन् म्हणाली, "उई."

बापूजींना उमजायला थोडा वेळ लागला. मग ते पाळण्याच्या दांडीला धरून असे हसले, की पाळणाही त्यांच्यासंगं हलू लागला.

"माया हात का एवढा जड हाय?" लीलाबाई रुसून म्हणाली, अन् सगळ्या बाया भिंतींना टेकल्या.

"राहू द्या तेच," डोळे पुसत प्रणाली म्हणाली. "रिया तं गल्लोगल्ली झाल्या."

दोन-तीन वर्षांनी मोहगावच्या एका लग्नात पंगतीला चंचलशेजारी एक अनोळखी बाई बसली. मांडीवरच्या लेकराला दटावत होती, "रियावी, पाणी सांडवू नको."

चंचलचा घास हातातच राहिला. "नाव मस्त आहे. अर्थ काय वो त्याचा?"

"संस्कृत आहे," बाई गंभीरपणे म्हणाली. "नदीवर सकाळचा उजेड पडते ना, तो."

चंचलनं मान डोलावली, ओठ घट्ट मिटले, आणि वरण वाढणारा समोर येऊन वाढतच राहिला तरी तिला 'बस' म्हणता येईना.